ढोलकवाला सुरतला गेला, म्हणून मी कॉम्प्युटरवर ठेका धरला

खान्देशातल्या पारोळ्यात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. संगीताचं शिक्षण म्हणाल तर लहानपणी वडिलांच्या भजनी मंडळात टाळ वाजवले, तेवढंच. आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) बसते तेव्हा बायका रात्रभर गाणी म्हणतात आणि ढोलकीला नाना असायचा. नाना सुरतला कापड मार्केटात कामाला लागला आणि श्रावणात सुट्टी मिळेना. दोन वर्षं बायकांनी टाळ्यांवर निभावलं. मग गल्लीतल्या मोठ्या मावशी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुना कॉम्प्युटरमा ढोलक नई का?"

होती. म्हणजे निघाली. पण मावशींना पसंत पडेल अशी व्हायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षातला निम्मा वेळ मी ज्या चुकांत घालवला, त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय. तुम्ही अहिराणी गाण्याला ठेका लावणार असाल, शाळेच्या गॅदरिंगला लावणार असाल किंवा नुसता हौसेनं शिकणार असाल, सुरुवात एकच.

कोणतं सॉफ्टवेअर

मी हायड्रोजन वापरतो. मोफत आहे, मुक्त आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं आणि काम एकच करतं: ठेका वाजवतं. माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, दुकानात प्रश्नपत्रिका टाइप करून झिजलेला. त्यावरही ते अडखळत नाही. एफएल स्टुडिओ, एलएमएमएस यांतही ठेक्याची सोय आहे, पण त्यांत पूर्ण गाणं बनवायचा सगळा पसारा असतो. नवख्या माणसाला आधी एकच खोली झाडायला द्यावी, सगळा वाडा नाही.

पेनड्राइव्हवर कुणी 'फुल व्हर्जन' म्हणून काही दिलं तर घेऊ नका. मी घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. एका शाळेच्या सहामाहीचे पेपर मी रात्री जागून पुन्हा टाइप केले. मोफत मिळतंय ते मूळ वेबसाइटवरून उतरवा, प्रश्न मिटला.

कानाला वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथ नको, कारण त्यात आवाज इतका उशिरा पोचतो की बटण दाबलं तेव्हा ठोका आला की नंतर, हेच कळत नाही. सेटिंगमध्ये बफर साइज दिसेल, म्हणजे कॉम्प्युटर किती आवाज साठवून मग पुढे सोडतो तो आकडा. ४४१०० सॅम्पल रेटला २५६ बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे साधारण १२. आवाजात कटकट व्हायला लागली तर बफर वाढवा. नुसत्या माऊसनं घरं भरणार असाल तर १०२४ ठेवलं तरी बिघडत नाही.

पडद्यावर काय दिसतं

खाली डावीकडे वाद्यांची यादी. तिच्या उजवीकडे चौकटी, लुडोच्या पटासारख्या. एका आडव्या ओळीत एक वाद्य, डावीकडून उजवीकडे वेळ सरकते. घरात क्लिक केलं की ठोका बसतो, पुन्हा क्लिक केलं की उठतो. स्पेसबार दाबला की वाजायला लागतं, पुन्हा दाबला की थांबतं. या पटाला पॅटर्न म्हणतात. वरच्या बाजूला साँग एडिटर असतो, तिथे कोणता पॅटर्न कधी वाजेल ते मांडायचं.

पहिल्या दिवशी हमखास होणारा घोटाळा सांगतो. पॅटर्न भरला, स्पेसबार दाबला आणि आवाजच नाही. सॉफ्टवेअर साँग मोडमध्ये असतं आणि वरचा पट रिकामा असतो, म्हणून. शिकताना पॅटर्न मोडवर ठेवा, म्हणजे समोरचा तुकडाच फिरून फिरून वाजेल.

आधी मात्रा मोजा, मग माऊस धरा

माझी मोठी चूक इथे झाली. ठेक्याच्या सॉफ्टवेअरांत सहसा समोर सोळा घरं येतात. १९८० साली रोलँड कंपनीचं टीआर-८०८ नावाचं यंत्र आलं, त्याच्या खालच्या कडेला सोळा बटणं एका रांगेत होती. तेव्हापासून सोळा घरांची सवय सगळ्यांनी उचलली. चार-चारच्या हिशेबाला ती छान बसते. पण आमच्या बायकांची कानबाईची निम्मी गाणी सहाच्या चालीत आहेत. मी सहाची चाल सोळा घरांत कोंबत बसलो आणि दर फेरीला गाणं पुढे, ढोलक मागे. मला वाटलं लॅपटॉप हळू आहे!

म्हणून आधी गाणं लावा आणि मांडीवर हात मारा. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असं झुलत असेल तर दादरा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी आठवा, झोका जसा जातो तसं. एक-दोन-तीन-चार असं चालत असेल तर केरवा. एवढं ओळखता आलं की पुढचं सगळं सोपं.

केरव्याला ४/४ आणि सोळा घरं ठीक आहेत. आठ मात्रा (मात्रा म्हणजे तालातली एकेक मोजणी), प्रत्येक मात्रेला दोन घरं. धा गे ना ती, ना क धी ना. हे ढोलकीचे बोल. म्हणजे बोल पडतात १, ३, ५, ७, ९, ११, १३ आणि १५ या घरांत. मधली सम संख्येची घरं सुरुवातीला मोकळी ठेवा. नंतर त्यांतच भरणी (मधले जादा ठोके) करायची असते.

दादऱ्याला पॅटर्नचा आकार ६/८ करा आणि रिझोल्यूशन (घरं किती बारीक पाडायची ते) ८ वर ठेवा. पटावर सहाच घरं उरतील. धा धी ना, धा ती ना. एकेक घर, एकेक बोल. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो, इतकं ते सरळ होतं.

आता वेगाचा फास. सहाच्या चालीत आपला पाय तीन-तीन मात्रांनी एकदा पडतो, पण सॉफ्टवेअरचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके तो वेग) दोन-दोन मात्रांचा एक ठोका धरून मोजतो. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत पाय किती वेळा पडला ते मोजा. माझ्या गाण्यात २१ वेळा पडला, म्हणजे मिनिटाला ८४. मी बीपीएममध्ये ८४ टाकलं आणि गाणं तेराव्याच्या जेवणाला निघाल्यासारखं झालं. ८४ ला दीडने गुणायचं: १२६. केरव्याला हा गुणाकार लागत नाही.

आवाज कुठून आणायचे

हायड्रोजनबरोबर येणारे आवाज विलायती ड्रमसेटचे असतात. किक, स्नेअर, हायहॅट. सराव त्यांच्यावरच करा. 'गे'च्या जागी किक आणि 'ना'च्या जागी स्नेअर ठेवून चाल नीट बसते का ते बघा. चाल बसल्याशिवाय आवाजाच्या मागे लागू नका. इंटरनेटवरून ढोलकीचे आवाज उतरवण्यातच महिना घालवलेला माणूस मी पाहिलाय. तो माणूस मीच.

खऱ्या माणसाच्या हातचे आवाज यंत्रात भरायची कल्पना जुनी आहे. १९८० सालीच रॉजर लिन यांनी एलएम-१ नावाचं ड्रम मशीन काढलं, त्यात खरे ड्रम रेकॉर्ड करून चिपमध्ये भरले होते. किंमत जवळजवळ पाच हजार डॉलर. तेच काम आज मोबाइल आणि गोधड्यांवर होतं.

नाना आखाजीला घरी आला तेव्हा मी त्याला धरला. वैशाखाचा महिना एका अर्थी बरा, कातडं ताणलेलं असतं. श्रावणात तेच ढिलं पडतं आणि आवाज बसतो. पण पंखा बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही, आणि वैशाखात आमच्याकडे पंखा बंद करणं म्हणजे काय, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. रात्री अकरानंतर, खिडक्या-भिंतींना गोधड्या लावून, मधूनमधून नानाला मठ्ठा पाजत आम्ही काम उरकलं.

काय रेकॉर्ड करायचं ते आधी ठरवा. मी आधी 'धा' रेकॉर्ड केला, 'धी' रेकॉर्ड केला. चूक. 'धा' हा दोन हातांचा मिळून बोल आहे. दोन्ही हात वेगळे घ्या. डाव्या हाताचे तीन: मोकळा 'गे', दाबलेला 'क' आणि तळहात घासत काढलेला घुमारा. उजव्या हाताचे दोन: 'ना' आणि 'ती'. एवढ्या पाचांत सगळं येतं. पटावर 'धा' हवा असेल तर एकाच उभ्या रेषेत 'गे' आणि 'ना' दोन्ही भरा. 'धी' हवा तर 'गे' आणि 'ती'. म्हणजे केरव्यात 'गे' पडतो १, ३ आणि १३ वर, 'क' ११ वर, 'ना' १, ५, ९ आणि १५ वर, 'ती' ७ आणि १३ वर. कागदावर लिहून घ्या आणि मगच भरा.

प्रत्येक बोल हळू, मध्यम आणि जोरात, आणि प्रत्येक चार-चार वेळा. साठ ठोके. एक ठोका मारला की त्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. मोबाइल दोन फुटांवर, दोन्ही तोंडांपासून सारख्या अंतरावर. मोबाइलचं रेकॉर्डिंग ॲप आवाज आपोआप सारखा करत असेल तर ती सोय बंद करा, नाहीतर हळू ठोका आणि जोराचा ठोका एकसारखेच ऐकू येतात आणि साठ ठोक्यांची मेहनत पाच ठोक्यांवर येते.

मग ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक ठोका कापा. पुढची शांतता अगदी काठापर्यंत छाटा. ठोक्याच्या आधी ३० मिलिसेकंदांची शांतता राहिली तर तो बोल पटावर बरोबर घरात असूनही प्रत्येक वेळी ३० मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तुम्ही दोष पटाला देत बसता. शेपूट मात्र कापू नका, नाद विरू द्या. वेव्ह फाइल म्हणून जतन करा.

हायड्रोजनमध्ये नवीन वाद्य घेऊन इन्स्ट्रुमेंट एडिटरच्या लेयर्समध्ये या फायली चढवायच्या. एकाच 'ना'चे तीन थर: खालच्या जोराला हळू फाइल, मध्ये मध्यम, वर जोराची. थरांच्या पट्ट्या माऊसनं ओढून वाटणी करता येते. मग पटावर ठोका हळू केला की नुसता आवाज लहान होत नाही, हळू मारलेली थापच वाजते. फरक इतका मोठा आहे की एकदा ऐकल्यावर तुम्ही परत एका थरावर येणार नाही.

अजून एक बारकावा, जो मला फार उशिरा सापडला. खऱ्या ढोलकीवर 'गे'चा नाद चालू असताना त्याच हातानं 'क' मारला तर नाद तिथेच तुटतो, कारण हात एकच आहे. कॉम्प्युटरला हात माहीत नाहीत. तो 'गे' पण चालू ठेवतो आणि वर 'क' पण मारतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. डाव्या हाताचे तिन्ही बोल एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका. एक वाजला की दुसरा गप्प. उजव्याला वेगळा ग्रुप.

घुमारा पटावर घरं भरून बनत नाही, उगाच प्रयत्न करू नका. अख्खा घासलेला आवाज एकच फाइल म्हणून ठेवा आणि चार फेऱ्यांत एकदा वापरा. जास्त वापरला तर तमाशाची बारी सुरू झाल्यासारखं वाटतं.

"हाई ते घड्याय शे"

एवढं सगळं करून मी ठेका मावशींना ऐकवला. आवाज नानाच्या हातचा, चाल बरोबर, वेग बरोबर. मावशींनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाल्या, "हाई ढोलक नई भाऊ, हाई ते घड्याय शे." म्हणजे, हे तर घड्याळ आहे.

मी चिडलो, पण त्या खरं बोलत होत्या. सगळे ठोके एका जोराचे आणि घराच्या बरोबर मध्यावर.

जोराचं काम सोपं आहे. पटाच्या खाली प्रत्येक ठोक्याची उभी दांडी असते, ती ओढून कमी-जास्त करायची. दादऱ्यात समेचा (पहिल्या मात्रेचा) 'धा' सर्वांत उंच, चौथ्या मात्रेचा 'धा' त्याच्या खाली, 'ती' अगदी बारीक. एवढ्यानंच गाडी रुळावर येते.

वेळेचं काम अवघड. मिक्सरमध्ये ह्यूमनाइझ नावाची बटणं आहेत, ती फिरवली की ठोके आपोआप थोडे पुढे-मागे होतात. सगळे तीच फिरवायला सांगतात. मीही फिरवली. मावशी म्हणाल्या, आता दारू प्यायलेला वाजवतोय. कारण ते बटण ठोके कसेही हलवतं. एकदा पुढे, एकदा मागे, काही धरबंध नाही. माणूस तसा वाजवत नाही.

माझ्याकडे नानाचं जुनं रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये होतं, कानबाईच्या रात्रीचं, मागे लहान पोरांचा गोंधळ असलेलं. ते ऑडॅसिटीत उघडलं आणि ठोक्यांची शिखरं मोजत बसलो. त्या वेगाला एक मात्रा सुमारे २३८ मिलिसेकंदांची होते. नानाची पहिली आणि दुसरी मात्रा जवळजवळ जागेवर. तिसरी, तो 'ना', दर फेरीला साधारण २० मिलिसेकंद उशिरा. दर फेरीला! दोन मिनिटांच्या तुकड्यात तो एकदाही वेळेवर आला नाही. म्हणजे ती चूक नव्हतीच, ती नानाची चालण्याची पद्धत होती.

मग ह्यूमनाइझ शून्यावर आणलं. पटाच्या खाली जिथे जोराच्या दांड्या असतात तिथेच लीड अँड लॅग निवडता येतं. त्यात प्रत्येक ठोका वेगळा पुढे किंवा मागे सरकवता येतो. मी फक्त तिसऱ्या मात्रेचा 'ना' मागे ओढला, कानाला पटेपर्यंत. दुसरं काहीही हलवलं नाही. मावशी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "नाना उना का?" म्हणजे, नाना आला का?

तुमच्याकडे नाना नसेल तर ज्याचा हात आवडतो अशा कुणाचंही रेकॉर्डिंग घ्या आणि मोजा. कोणता ठोका सतत उशिरा, कोणता सतत लवकर, एवढंच शोधायचं. दोन ठोके सापडले तरी पुरे.

गाणं मांडताना

एकच पॅटर्न पाच मिनिटं फिरवू नका. मी चार ठेवतो: साधा ठेका, भरणीचा ठेका, ध्रुपदाचा जरा जोरकस, आणि एक उठाण. साँग एडिटरमध्ये रांगा लावा. बायका कडवं संपवून श्वास घेतात तिथे भरणी, ध्रुपदावर जोरकस. पॅटर्नची प्रत करून त्यात बदल केला की अर्धं काम वाचतं. आणि फाइल दर दहा मिनिटांनी जतन करा. आमच्याकडे वीज जाते तेव्हा विचारून जात नाही.

आमच्या गाण्यांत अजून एक गोष्ट आहे. बायका गाताना वेग वाढवत नेतात, शेवटी फुगडीपर्यंत. एकाच बीपीएमवर बांधलेला ठेका त्यांना दोरीनं मागे ओढल्यासारखा वाटतो. साँग एडिटरच्या वर टाइमलाइन असते, तिथे जागोजागी वेगळा वेग लिहिता येतो. मी १२६ वर सुरू करतो, तिसऱ्या कडव्याला १३०, पाचव्याला १३६, शेवटच्या फेऱ्यांना १४४. एकदम उडी नको, मधेमधे दोन-चार आकड्यांच्या पायऱ्या ठेवा म्हणजे गाणाऱ्यांना कळतही नाही.

आवाजाचा तोल लॅपटॉपच्या स्पीकरवर ठरवू नका, त्याला 'गे' ऐकूच येत नाही. तुम्ही 'गे' वाढवत नेता आणि मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर लावला की भांडी हलतात. कर्ण्याचं उलटं, त्यात खालचा आवाज गायब आणि 'ना' कानात टोचतो. मी एकदा हेडफोनवर, एकदा मोबाइलवर आणि एकदा शेजारच्या पिकअप गाडीच्या टेपवर ऐकतो. तिन्हीकडे बोल वेगळे कळले की झालं.

शेवटी प्रोजेक्ट मेनूतून एक्स्पोर्ट साँग करून वेव्ह फाइल काढा. मंडपवाल्याच्या मशीनला एमपी३ लागत असेल तर तीच ऑडॅसिटीतून बदला. मूळ हायड्रोजनची फाइल पुसू नका, पुढच्या वर्षी मावशी वेग बदलायला सांगणारच.

गेल्या श्रावणात पहिली फाइल मी व्हॉट्सॲपवर नानाला सुरतला पाठवली. त्यानं दुपारच्या सुट्टीत ऐकली असावी, मागे यंत्रांचा खडखडाट होता. व्हॉइस मेसेज तीन सेकंदांचा: "भो, गे जास्ती शे. कमी कर." मिक्सरमध्ये 'गे'ची पट्टी थोडी खाली ओढली आणि पुन्हा एक्स्पोर्ट केलं.